आजूबाजूला आपली माणसं किती, यावर मुलांचा आत्मसन्मान ठरतो का?

रानजाई

नमस्कार मंडळी. आमच्यासमोर घर हलवण्याचा प्रश्न आलाय. पगार, भाडं, शाळेचा दर्जा हे सगळं आमचं आम्ही बघू. एका गोष्टीवर मात्र इथल्या लोकांशी बोलल्याशिवाय मला पुढे जायचं नाही.

आम्ही अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या छोट्या गावात राहतो. माणसं चांगली आहेत, शेजार चांगला आहे. लेक सातवीत, आणि तिच्या इयत्तेत भारतीय ती एकटीच. नवऱ्याला आता न्यू जर्सीत, एडिसनजवळ काम मिळतंय. तिथली जवळजवळ निम्मी वस्ती आशियाई, त्यातही भारतीय सर्वाधिक. ओक ट्री रोडवर तर दुकानाच्या पाट्याही आपल्या ओळखीच्या.

लेकीचं वर्षभरात काहीतरी बदललंय. हातावरची लव काढून द्या म्हणून मागे लागली आहे. गणपतीला मैत्रिणींना बोलवू या का विचारलं तर म्हणाली, "नको, मग मला सगळ्यांना सगळं समजावत बसावं लागेल." तिला कोणी छळत नाही, मी शाळेत जाऊन नीट चौकशी केली आहे. पण ती दमलेली दिसते.

मी थोडं वाचायला घेतलं. मॉरिस रोझेनबर्ग आणि रॉबर्टा सिमन्स यांनी १९६८ साली बाल्टिमोरच्या शाळांमधल्या मुलांचा अभ्यास केला होता. त्या काळी सगळे गृहीत धरून चालले होते की कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान कमीच असणार. निघालं उलटं. तो गोऱ्या मुलांपेक्षा कमी नव्हताच, काकणभर जास्त होता. कारण ती मुलं बहुतेक आपल्याच लोकांच्या शाळेत शिकत होती आणि स्वतःची तुलना शेजारच्या बाकावरच्या मुलाशी करत होती. जी मोजकी मुलं गोऱ्यांच्या शाळेत होती त्यांचा आत्मसन्मान मात्र कमी भरला.

हे वाचल्यापासून मला वाटतंय की उचलावं आणि जावं. पण मनात शंकाही आहेत. ज्यांनी दोन्हीकडचं आयुष्य पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ओकट्रीकर

रानजाईताई, या. आम्ही इथे बरीच वर्षं आहोत. माझ्या मुलाला "तू कुठला?" हा प्रश्न शाळेत कोणी विचारलेला मला आठवत नाही. दिवाळीला वर्ग अर्धा रिकामा असतो. मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही, हा मोठा भार कमी होतो. मराठी शाळा आहे, ढोलताशा पथक आहे, नाटकं येतात.

तुम्ही तुलनेबद्दल लिहिलंत म्हणून मात्र एक गोष्ट सांगून ठेवतो. इथे तुलना आपल्याच मुलांशी होते आणि ती फार बारीक होते. समोरच्या घरातला गणिताच्या स्पर्धेत, बाजूची भरतनाट्यमच्या अरंगेत्रमच्या तयारीत, मागच्या गल्लीतला रोबोटिक्समध्ये. माझा मुलगा कुठल्याही साध्या गावात हुशार म्हणून मिरवला असता. इथे तो स्वतःला मठ्ठ समजतो. भारतीय असण्याची लाज त्याला अजिबात नाही, पण "चांगला भारतीय" असण्यात आपण कमी पडतो असं त्याला वाटतं. मी बाप म्हणून याची जास्त काळजी करतो.

सरळरेघ

मला समजत नाही की एवढा विचार कशाला. मुलांना माणूस म्हणून वाढवा. आम्ही पुण्यात आहोत, आमची मुलं कधी "मी मराठी आहे" म्हणून विचार करत बसत नाहीत आणि त्यांचं काही बिघडत नाही. पालकच ओळखीचं ओझं मुलांच्या डोक्यावर ठेवतात असं माझं स्पष्ट मत आहे.

तळटीप

सरळरेघ, तुमची मुलं विचार करत नाहीत, कारण पुण्यात त्यांना तो करावा लागत नाही. मी मानसशास्त्र शिकवते आणि ही गोष्ट वर्गात दरवर्षी सांगते. विल्यम मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांचा १९७८ चा अभ्यास आहे. अमेरिकेतल्या, गोऱ्यांचं मोठं बहुमत असलेल्या शाळांमधल्या मुलांना एवढंच सांगितलं की स्वतःबद्दल बोला. गोऱ्या मुलांपैकी १ टक्का मुलांनी आपण होऊन आपल्या वंशाचा उल्लेख केला. कृष्णवर्णीय मुलांपैकी १७ टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळांच्या मुलांपैकी १४ टक्क्यांनी केला. त्यांना ते घरून कोणी पढवून पाठवलं नव्हतं. जो वर्गात वेगळा दिसतो त्याला आपलं वेगळेपण सतत जाणवत राहतं.

आता रानजाई, तुमच्याकडे वळते. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आपण कोण आहोत याची जाणीव ही एक, आणि आपण चांगले आहोत असं वाटणं ही दुसरी. आजूबाजूची वस्ती बदलली की पहिली लगेच हलते. दुसरी तितकी सरळ हलत नाही.

मेक्सिकन वंशाच्या किशोरवयीन मुलांवर अड्रियाना उमान्या-टेलर यांनी २००४ मध्ये तीन प्रकारच्या शाळा घेऊन काम केलं: आपलेच लोक बहुसंख्य असलेली, निम्मेनिम्मे असलेली, आणि परक्यांची. वांशिक ओळख सगळ्यात ठळक निघाली ती परक्यांच्या शाळेतल्या मुलांची. आणि ज्या मुलांना आपल्या मुळांबद्दल स्पष्टता होती त्यांचा आत्मसन्मान तिन्ही शाळांत चांगला होता. म्हणजे लेक एकटी आहे म्हणून तिचं नुकसानच होणार असं नाही. एकटेपणाने प्रश्न लवकर उभे राहतात आणि त्यांची उत्तरं देणारं कोणी जवळ आहे का, यावर पुढचं ठरतं. जीन फिनी या संशोधिकेने जे टप्पे मांडले त्यात आधी विचारच न करणं, मग शोध, मग स्थिरावणं असा क्रम आहे. बारातेराव्या वर्षी शोध सुरू होणं वेळेवरच आहे. दमणूकही त्यातलीच.

बाल्टिमोरच्या अभ्यासाला एक जोडते. शाळांमधली वंशानुसार विभागणी घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे क्लार्क दांपत्याचा बाहुल्यांचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. कृष्णवर्णीय मुलांपुढे गोरी आणि काळी बाहुली ठेवून आवडती कुठली, हे विचारायचं. त्यातला कमी सांगितला जाणारा भाग असा की दक्षिणेतल्या, फक्त कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शाळांमधल्या मुलांपेक्षा उत्तरेतल्या मिश्र शाळांमधल्या मुलांनी गोरी बाहुली जास्त प्रमाणात निवडली. पण यावरून शाळा वेगळ्या असाव्यात असं क्लार्क यांनी कधी म्हटलं नाही, आणि तसा अर्थ कोणी काढू नये. एका वर्गात बसवलं तरी कोणाचं सुंदर आणि कोणाचं कुरूप हे समाजाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. मिश्र शाळेत ते रोज अंगावर येतं.

हडसनकाठ

मी १९८० च्या दशकात जर्सी सिटीत राहत होतो. नव्या मंडळींना न्यू जर्सीत आपल्यासाठी कायमच आजच्या एडिसनसारखं होतं असं वाटतं, म्हणून लिहितो.

सुरुवातीला आम्ही थोडे होतो तेव्हा आमच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. दुकानं वाढली, साड्या नेसलेल्या बायका रस्त्यावर दिसू लागल्या, तेव्हा सुरू झालं. १९८७ मध्ये 'डॉटबस्टर्स' नावाने एका टोळीचं पत्र स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं. भारतीयांना शहरातून घालवून देऊ, टिकली लावलेली बाई दिसली तर तिला गाठू, अशी उघड धमकी होती. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी यांना तरुणांच्या टोळक्याने बेदम मारलं आणि त्यात ते गेले.

माझ्या पत्नीने त्या सुमारास बाहेर पडताना कुंकू लावणं सोडलं. घरी आली की लावायची. माझी मुलगी तेव्हा लहान होती आणि ती हे पाहत होती. मुलं पाहतात ते विसरत नाहीत.

त्याच दिवसांत दुसरंही घडलं. आमची कॉलेजातली मुलं उभी राहिली, पत्रकं वाटली, मोर्चे काढले. थोडे असतो तर ते जमलं नसतं. म्हणजे संख्येनेच राग ओढवला आणि संख्येनेच बळही दिलं. रानजाई बेटा, आजचं एडिसन पाहताना हा मधला काळही ध्यानात असू दे.

सातपुडा

हा विषय अमेरिकेचाच आहे असं कोणी समजू नये म्हणून लिहितो. मी धडगाव तालुक्यातला, पावरा. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार १०० माणसांमागे ६९ आदिवासी. आमच्या भागात तर जवळजवळ सगळेच. पूर्ण महाराष्ट्रात हेच प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास.

आश्रमशाळेत आम्ही सगळे पावरा आणि भिल्ल. भांडणं व्हायची ती या पाड्याची त्या पाड्याशी. आपण आदिवासी आहोत हे फॉर्म भरताना कळायचं. मास्तर बाहेरचे, पण मुलं सगळी आपली. मी वर्गात पहिला यायचो आणि मला वाटायचं की मी कोणीतरी आहे.

पुण्यात कॉलेजला आलो. पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं, "कुठल्या कॅटेगरीतून?" मी मार्क सांगितले. तो म्हणाला, "ते नाही विचारलं." त्या दिवसापासून मी वर्गात हात वर करणं बंद केलं. उत्तर येत असलं तरी बोलायचो नाही, कारण चुकलो तर ती एकट्याची चूक राहणार नव्हती.

मला उभं केलं ते शासकीय वसतिगृहाने. तिथे गडचिरोलीचे गोंड होते, पालघरचे वारली, नाशिककडचे कोकणा, आणि आम्ही. गावाकडे पावरा आणि भिल्ल वेगळे, पुण्यात सगळे मिळून आदिवासी झालो. खाज्या नाईकांनी १८५७ मध्ये आमच्याच डोंगरात इंग्रजांशी लढा दिला होता, हे मला पुण्यातल्या वसतिगृहात कळलं. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, आम्ही ढोल वाजवला तेव्हा शेजारच्या इमारतीतले लोक गच्चीवर येऊन बघत होते, आणि मला पहिल्यांदा बघणाऱ्यांची लाज वाटली नाही.

आता माझ्या धाकट्या भावाचं. शासनाची योजना आहे, आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत घालतात. भाऊ लहानपणीच तिकडे गेला. फाडफाड इंग्रजी बोलतो, तहसील कचेरीत साहेबासमोर खुर्चीवर बसून बोलतो. मी आजही उभा राहतो. पण आई पावरीत विचारते आणि तो मराठीत उत्तर देतो. काठी गावच्या राजवाडी होळीला शहरातून लोक फोटो काढायला येतात. आमची पोरं अंगाला राख लावून, कमरेला घुंगरू बांधून नाचत होती, तेव्हा भाऊ फोटो काढणाऱ्यांच्या बाजूला उभा होता.

त्याचा आत्मसन्मान कमी आहे का? नाही. माझ्यापेक्षा जास्तच असेल. पण तो कशावर उभा आहे ते मला कळत नाही आणि त्याची मला काळजी वाटते. तळटीप, तुमच्या मोजपट्टीत हे कुठे बसतं?

तळटीप

सातपुडा, तुमचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवू का? परवानगी असेल तरच.

तुमच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर हे की मोजपट्टीत ते पुरतं बसत नाही. आत्मसन्मान मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी रोझेनबर्गची प्रश्नावली १० वाक्यांची आहे. माझ्यात चांगले गुण आहेत, मी इतरांइतकाच मोलाचा आहे, अशा धर्तीची. त्या वाक्यांवर तुमचा भाऊ भरपूर गुण मिळवेल. आईशी कुठल्या भाषेत बोलतोस, हे त्यात कोणी विचारत नाही. म्हणूनच ओळखीसाठी फिनींनी १९९२ मध्ये वेगळी प्रश्नावली केली. दोन्ही सोबत वाचल्या तरच चित्र थोडंफार दिसतं.

सातपुडा

वाचून दाखवा. तालुक्याचं नाव ठेवलं तरी चालेल, ठेवाच.

अलिबाग_ते_अश्दोद

हा धागा वाचून राहवलं नाही. माझं मराठी लिहिणं आईकडून शिकलेलं आहे, चुका पोटात घाला.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आजोबांचं गाव अलिबागजवळ. कोकणात आमची एका गावात दोनचार घरंच असायची. तेलाचा घाणा, शनिवारी बंद, म्हणून शनवार तेली म्हणायचे. इतके थोडे असूनही आजोबांना आपण कोण हा प्रश्न कधी पडला नाही. गावात प्रत्येकाला त्यांची जागा ठाऊक होती. कपाळाला हात लावून ते सांगायचे, "आम्हाला तिथे कोणी परकं म्हटलं नाही."

मग इस्रायल झालं आणि आमचे लोक निघाले. आता सगळीकडे आपलेच, असं मनात धरून निघाले. आणि तिथे उतरल्यावर ते "हिंदी", म्हणजे भारतीय, झाले. रंगावरून वागणूक वेगळी, कामं हलकी. १९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी धरणं धरलं की आम्हाला परत भारतात पाठवा, आणि काही जण खरंच परत गेले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नांवर जादा चौकशी लावली, हे खरे ज्यू का म्हणून. माणसं रस्त्यावर आली. १९६४ मध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, तेव्हा ते निवळलं. शेकडो वर्षं कोकणात शब्बाथ पाळणाऱ्यांना हे सिद्ध करावं लागलं. आई हे सांगताना आजही थरथरते.

आई इस्रायलमधल्या दिमोना शहरात वाढली. तिथे आमचे लोक पुष्कळ. रस्त्यावर मराठी, मैदानावर क्रिकेट, घराघरात मलिदा, आमचा नवसाचा विधी. तिची बहीण मात्र लग्न होऊन अशा शहरात गेली जिथे भारतीय जवळजवळ नव्हतेच. मावशीने आडनाव हिब्रू करून घेतलं, मुलांशी मराठी बोलली नाही. आईची भावंडं एकाच आईबापाची, एकाच घरात वाढलेली, आणि बघा किती फरक. आई शिकली कमी, पण ताठ. मावशीची मुलं खूप शिकली. त्यातला एक आता पन्नाशीत मराठी अक्षरं गिरवतोय आणि मला फोन करून विचारतो, हे कसं म्हणायचं.

रानजाईताई, माझं म्हणणं एवढंच की माणसं मोजताना "आपली" कोणाला धरायचं हे ठरवणारे आपण एकटे नसतो.

वाडीवाला

थोडक्यात. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलो. शाळेत गुजराती जास्त, आम्ही मराठी कमी. कमीपणा कधी वाटला नाही, कारण राजवाडा गायकवाडांचा, विद्यापीठाला नाव सयाजीरावांचं. मास्तरही आदराने बोलायचे. तेव्हा संख्येइतकंच वजन त्या गटाच्या गावातल्या स्थानाला असतं. सातपुडा यांचे लोक नंदुरबारमध्ये ६९ टक्के असून कचेरीत उभे राहतात आणि आम्ही मूठभर असून बसायचो, हे वाचून मला आज वाईट वाटलं.

निळीशाई

वाडीवाला, तुमच्या मुद्द्याला धरूनच पुढे लिहिते. इथे जे बोलायचं राहिलंय ते मला बोललं पाहिजे.

आम्ही आधी अमेरिकेत अशा गावात होतो जिथे भारतीय दोनतीन कुटुंबं. तिथे आम्ही नुसते भारतीय होतो. माझी मुलं तिथे निर्धास्त वाढली. मग नोकरीमुळे भारतीयांची दाट वस्ती असलेल्या उपनगरात आलो आणि पहिल्याच हळदीकुंकवाला एका बाईंनी माझं आडनाव विचारलं. मग माहेरचं विचारलं. मग गाव. मग घरात कुठला देव आहे ते. आम्ही बौद्ध आहोत हे मी सांगितलं. त्या चांगल्याच वागल्या, वाईट शब्द बोलल्या नाहीत. पण पुढच्या वेळी आमंत्रण आलं नाही. माझ्या मुलीच्या मैत्रिणीने तिला विचारलं, "तुमच्याकडे गणपती का नसतो?" आणि तिने घरी येऊन मला विचारलं, "आपण वेगळे आहोत का?" हा प्रश्न तिला गोऱ्यांच्या गावात कधी पडला नव्हता.

म्हणून "आपल्या माणसांत गेलं की मुलांचा आत्मसन्मान वाढतो" हे वाक्य मी जसंच्या तसं स्वीकारू शकत नाही. ज्यांच्यासाठी ते घर आहे त्यांच्यासाठी वाढत असेल. सिअॅटलमध्ये २०२३ साली शहराने जातीवरून भेदभावाला बंदी घालणारा कायदा केला, तो कुठल्या गोऱ्यांच्या तक्रारीवरून केलेला नाही. दिल्लीच्या एम्समध्ये २००७ साली जातिभेदाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने काय पाहिलं ते आठवा: दलित आणि आदिवासी विद्यार्थी त्रासाला कंटाळून वसतिगृहाच्या ठराविक मजल्यांवर एकत्र राहायला गेले होते. सातपुडा, तुम्हाला ज्या मजल्याने उभं केलं तसाच मजला तो. फक्त तिथे मुलं ढकलली गेली होती.

आम्ही पुढे १४ एप्रिलला जमणारा आमचा छोटा गट शोधला. महिन्यातून एकदा गाडी काढून जातो. मुलगी आता तिथल्या लहान मुलांना बाबासाहेबांवर गोष्टी सांगते. माझ्या मुलीला मोठ्या वस्तीने काही दिलं नाही, ते पंधरावीस माणसांनी दिलं.

ओकट्रीकर

निळीशाई, वाचून खाली मान गेली. आमच्या कार्यक्रमांत आडनावं विचारली जातात, मी ती ऐकतो आणि गप्प बसतो. पुढच्या वेळी गप्प बसणार नाही.

सोर_नदी

इंग्लंडमधल्या लेस्टरहून. १९७२ मध्ये युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की इकडे येऊ नका. २०२१ च्या जनगणनेत त्याच शहरात आशियाई ४३.४ टक्के आणि गोरे ४०.९ टक्के. आता इथे कोणाचंच निम्म्याहून जास्त नाही.

आमचं म्हणाल तर बाहेरच्यांना आम्ही गुजरातीच वाटतो. माझी लेक गरबा उत्तम खेळते, गुजराती समजते, मराठी घरात बोलते. तिच्या वर्गात सोमाली, पोलिश, पंजाबी, गुजराती, इंग्रज अशी मुलं आहेत. प्रत्येकाच्या घरी काहीतरी वेगळं असतं, त्यामुळे समजावून सांगण्याची पाळी सगळ्यांवर येते. रानजाई, तुमची लेक "मला समजावत बसावं लागेल" म्हणाली ना, त्याचं उत्तर मला इथे सापडलं. समजावण्याचं काम एकटीवर पडत नाही.

तळटीप

सोर_नदी, याला चांगला आधार आहे. जाना युवोनेन, अड्रिएन निशिना आणि सँड्रा ग्रॅहम यांचा २००६ चा लॉस एंजेलिसमधल्या सहावीच्या मुलांवरचा अभ्यास. वर्गात जितके वेगवेगळे गट आणि जितकी समसमान विभागणी, तितकं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना शाळेत सुरक्षित वाटत होतं, एकटेपणा कमी होता आणि स्वतःबद्दलचं मतही चांगलं होतं. कोणा एकाच्या हातात सगळी सत्ता नसते, असं स्पष्टीकरण त्यांनी दिलं. मला ते पटतं.

नाडीपरीक्षा

मी इंग्लंडमध्ये मानसोपचाराचं काम करतो, म्हणून एकच भर. दक्षिण लंडनमधल्या कॅम्बरवेल भागातला २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आमच्याकडे नेहमी चर्चेत असतो. वस्तीत अल्पसंख्याकांचं प्रमाण जसं कमी होत जातं तसं त्याच अल्पसंख्याकांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण वाढतं, असं त्यात दिसलं. एकटं पडणं शरीरमनाला महाग पडतं, ही गोष्ट गंभीरपणे घ्यायची.

पण रानजाई, वस्तीच्या आकड्यावरून एका मुलीचं भविष्य सांगता येत नाही. घाबरून निर्णय घेऊ नका. आणि मला सांगा, इतका वेळ आपण सगळे तिच्याबद्दल बोलतोय, तिला विचारलंत का?

सरळरेघ

सगळे प्रतिसाद वाचले. माणूस म्हणून वाढवा हे माझं मत तसंच आहे, पण पुण्यात बसून ते म्हणणं सोपं आहे हे मान्य. माझ्या मुलाच्या वर्गात नंदुरबारचा एक मुलगा आहे. तो बोलत नाही, असं मुलगा सांगत असतो. आज त्या मुलाबद्दल घरी वेगळ्या रीतीने बोललो.

रानजाई

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. नाडीपरीक्षा, तुम्ही म्हणालात तसं शनिवारी लेकीशी बोलले. मी तिला हा धागाच वाचून दाखवला, इंग्रजीत सांगत सांगत. सातपुडांच्या "हात वर करणं बंद केलं" या वाक्यापाशी तिने मला थांबवलं आणि म्हणाली, "मी पण." सामाजिक अभ्यासाच्या तासाला भारताचा धडा आला की सगळा वर्ग तिच्याकडे बघतो. चुकीचं सांगितलं तर भारत चुकेल असं तिला वाटतं. हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं.

जायचं का, यावर तिचं उत्तर सरळ "हो" असं नाही. इथली एक मैत्रीण तिला सोडवत नाही. आणि ओकट्रीकर, तुमच्या मुलाबद्दल ऐकून तिने विचारलं, "तिथे मला भारतीय असण्याच्या परीक्षेला बसावं लागेल का?"

आम्ही नोकरी घेतोय, एवढं नक्की. पण एडिसनमध्येच घर असा हट्ट आता नाही. तासाभराच्या अंतरात जिथे शाळेत चारपाच प्रकारची मुलं असतील, असं गाव शोधतोय. मराठी शाळेला आठवड्यातून एकदा नेऊ. निळीशाई, माझ्या घरी हळदीकुंकू असेल तेव्हा आडनाव विचारलं जाणार नाही, हा शब्द देते. आणि तुमचा गट आमच्या वाटेवर असेल तर १४ एप्रिलला आम्ही तिघं येऊ का?

शाळेत कोणकोणती मुलं आहेत हे घर घेण्याआधी कळण्याचा काही मार्ग आहे का?

ओकट्रीकर

आहे. न्यू जर्सीचा शिक्षण विभाग दरवर्षी प्रत्येक सरकारी शाळेचा अहवाल संकेतस्थळावर टाकतो. त्यात पटसंख्येची वंशानुसार टक्केवारी असते आणि घरी कुठल्या भाषा बोलल्या जातात तेही असतं. गावाचं नाही, शाळेचं बघा. एकाच गावातल्या दोन शाळांत बराच फरक पडतो.

निळीशाई

जरूर या, तिघंही. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवते.

अहवालाबद्दल एक. त्यात "आशियाई" असा एकच रकाना असतो. चिनी, कोरियन, फिलिपिनो, तेलुगू, गुजराती, आपण, सगळे त्यातच. भाषांच्या रकान्यावरून थोडा अंदाज येतो, पण पुरता नाही. एखाद्या शनिवारी लेकीला घेऊन त्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दोन तास बसा. मुलांच्या विभागात कोण कोणाशेजारी बसतं ते तिलाच बघू दे.